डिझेल टँकरची टाकी: दुरुस्ती आणि नित्य देखभाल

टँकर गॅरेजात येतो तेव्हा चालक सांगतो की गाडी रिकामी आहे, आणि त्याच्या दृष्टीने ते खरेच असते. पंपावर टाकीचा शेवटचा खण, म्हणजे कप्पा, रिकामा करून, नळाची धार थांबल्याची खात्री करूनच तो निघालेला असतो. परंतु त्याच टाकीत बॅफल प्लेटच्या (द्रव हिंदकळू नये म्हणून आत लावलेल्या आडव्या पत्र्याच्या) कोपऱ्यांत, नळीच्या वळणांत आणि तळाच्या गंजाच्या थरात काही लिटर डिझेल उरलेले असते आणि वरची सगळी पोकळी वाफ व हवा यांच्या मिश्रणाने व्यापलेली असते. भरलेल्या टाकीत हवेला जागाच थोडी असते, म्हणून दुरुस्ती करणाऱ्यासाठी रिकामी झालेली टाकी अधिक धोकादायक ठरते. मी अनेक वर्षे टँकरच्याच कामावर आहे आणि नव्या फिटरला पाना हातात देण्याआधी हीच गोष्ट समजावून सांगतो.

डिझेल सहजासहजी पेटत नाही, ही समजूत या धंद्यात फार खोलवर रुजलेली आहे. पेट्रोलियम अधिनियम, १९३४ प्रमाणे डिझेल ‘ब’ वर्गात मोडते, म्हणजे त्याचा प्रज्वलनांक (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते) २३ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक, पण ६५ अंशांपेक्षा कमी असतो. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोतून भरून खानदेशात जाणारा टँकर मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या उन्हात उभा राहिला की पत्र्याला हात लावता येत नाही. अशा वेळी आतल्या डिझेलचे तापमान प्रज्वलनांकाच्या जवळ पोहोचू शकते. त्यात हाच टँकर आदल्या खेपेला पेट्रोल घेऊन गेलेला असेल, तर टाकीत पेट्रोलची वाफ शिल्लक असते. पेट्रोलनंतर त्याच खणात डिझेल भरताना दुहेरी संकट उभे राहते: डिझेल वीज फारशी वाहू देत नसल्यामुळे भरताना स्थिर विद्युत साठते, आणि पेट्रोलची दाट वाफ डिझेलमध्ये शोषली जाऊन पातळ होत होत नेमकी पेट घेण्याजोग्या प्रमाणावर येते. म्हणून टँकर दुरुस्तीला घेताना प्रत्येक खणात मागच्या दोन खेपांना काय भरले होते, हे चालकाला विचारून लिहून ठेवावे.

टाकीला ठिणगी किंवा उष्णता लागेल असे कोणतेही काम असो, वेल्डिंग असो, ग्राइंडर असो वा गंजलेला बोल्ट छिन्नीने तोडणे असो, आधी टाकी वायुमुक्त करावीच लागते, म्हणजे आतली इंधनाची वाफ पूर्ण काढून टाकावी लागते. गाडी मोकळ्या जागेत, इतर गाड्यांपासून दूर उभी करावी, चाकांना ठोकळे लावावेत, बॅटरीचा मास्टर स्विच बंद करून ऋण टोकाची केबल काढावी आणि टाकीला अर्थिंग जोडावे. प्रत्येक खणाचा तळ नळातून पूर्णपणे निथळू द्यावा व निघालेले डिझेल झाकणाच्या धातूच्या डब्यातच घ्यावे. त्यानंतर पाण्याने भरून वरून ओसंडू द्यावे किंवा पाण्याच्या वाफेने धुवावे. वाफेचा झोतही स्थिर विद्युत निर्माण करतो, त्यामुळे वाफेच्या नळीचे धातूचे टोक टाकीशी तारेने जोडल्याशिवाय वाफ सोडू नये. धुण्याचे पाणी गटारात जाऊ देऊ नये. त्यावर तरंगणारे तेल खोल गटारात लांबवर पोहोचते आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे तेथेच साचून राहते. धुऊन झाल्यावर मॅनहोल आणि तळाचे व्हॉल्व्ह उघडे ठेवून हवेवर चालणाऱ्या ब्लोअरने टाकी वाळवावी.

आता मोजणीकडे येऊ. वायुमापकावर दिसणारी टक्केवारी ही हवेतील वाफेची नसून स्फोटाच्या खालच्या सीमेची, म्हणजे ज्याहून कमी वाफ असेल तर हवा पेटत नाही त्या प्रमाणाची असते, हे अनेकांना माहीत नसते. पेट्रोलच्या वाफेची ही सीमा हवेत सुमारे १.४ टक्के आहे. म्हणजे मापक १० दाखवत असेल तर हवेत ०.१४ टक्के वाफ आहे. हा आकडा लहान वाटला तरी गरम कामासाठी मापकावर शून्यच दिसले पाहिजे. मोजणी वर, मध्ये आणि तळाशी अशी तीन ठिकाणी, प्रत्येक खणात स्वतंत्रपणे करावी, आणि त्याआधी प्राणवायू मोजावा. बहुतेक मापकांना काम करण्यासाठी प्राणवायू लागतो, त्यामुळे इंधनाच्या वाफेने भरलेल्या टाकीत मापक खोटे शून्य दाखवू शकते. माणूस आत उतरायचा असेल तर प्राणवायू १९.५ टक्क्यांपेक्षा कमी असता कामा नये, कमरेला पट्टा व दोर हवा, आतला दिवा २४ व्होल्टचा ज्वालारोधक हवा, आणि मॅनहोलपाशी एक माणूस सतत उभा हवा, ज्याने काहीही झाले तरी एकट्याने आत उडी मारायची नाही.

डिझेलच्या बाबतीत मात्र खरे शून्यसुद्धा पुरेसे नसते, आणि मला या लेखात सर्वांत आग्रहाने हेच सांगायचे आहे. थंड डिझेल फारशी वाफ सोडत नाही, त्यामुळे गंजाच्या पापुद्र्याखाली किंवा दुहेरी पत्र्याच्या फटीत दडलेले डिझेल मापकाला दिसतच नाही. वेल्डिंगची उष्णता पोहोचली की तेच डिझेल भराभर वाफ सोडू लागते. आमच्याकडे एकदा एका टाकीच्या पोटावर, बाहेरच्या बाजूने, छोटी चीर वेल्ड करायची होती. टाकी धुतलेली होती, तिन्ही ठिकाणी मापक शून्य दाखवत होते. तरीही काम सुरू होऊन काही मिनिटांतच मॅनहोलमधून पांढरट धूर येऊ लागला. वर उभ्या असलेल्या मुलाने ओरडून काम थांबवले म्हणून कोणाला इजा झाली नाही. नंतर पाहिले तेव्हा सॅडलवरच्या (टाकी चासीवर जिथे टेकते त्या बैठकीवरच्या) जाड पट्टीच्या मागे, जिथे पाण्याची धार पोहोचत नव्हती, तिथे ओला गाळ सापडला. त्या दिवसापासून आमचा नियम असा आहे की ज्या जागी उष्णता द्यायची, तिच्या आतल्या बाजूचा गाळ पितळी खरवडणीने उघड्या पत्र्यापर्यंत काढायचा, आणि काम चालू असताना दर काही मिनिटांनी पुन्हा मोजायचे.

टाकीच्या कवचाचे वेल्डिंग हे रस्त्याकडेच्या गॅरेजचे काम नव्हे. डिझेल टँकरचा परवाना पेट्रोलियम नियम, २००२ नुसार मिळतो. नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेच्या, म्हणजेच पेसोच्या, मंजुरीशिवाय टाकीत बदल करता येत नाही. चालकाने ओळखायचे ते एवढेच की चीर कुठे आहे. टाकीच्या पोटाखाली धूळ चिकटून तयार झालेली काळपट, ओलसर रेघ दिसली की तेथून डिझेल झिरपत आहे असे समजावे. अशा रेघा बहुधा बॅफल प्लेट कवचाला जिथे जोडलेली असते तिथे किंवा सॅडलच्या कडेला उमटतात. त्या रेघेवर साबण, एम-सील किंवा तत्सम लेप लावून खेपा चालू ठेवणे हा गुन्हाच मानावा, कारण लेपाखाली चीर वाढतच राहते.

नित्य देखभालीत टाकीपेक्षा तिच्या लहान भागांकडे अधिक लक्ष द्यावे लागते. मॅनहोलच्या झाकणाचे पॅकिंग नायट्राइल रबराचेच घ्यावे. साधे रबर डिझेलमध्ये फुगते आणि पावसाळ्यात तेथूनच पाणी आत जाते. टाकीवरचा श्वसन व्हॉल्व्ह धुळीने अडकला तर उतरवताना आत निर्वात तयार होऊन धार मंदावते आणि पत्रा आत ओढला जाण्याची भीती असते. म्हणून दर महिन्याला तो उघडून जाळी साफ करावी आणि झडप बोटाने हलवून पाहावी. फूट व्हॉल्व्हची, म्हणजे खणाच्या तळाच्या व्हॉल्व्हची, परीक्षा सोपी आहे: खण भरलेला असताना फूट व्हॉल्व्ह बंद ठेवून नळ उघडावा, नळीतले डिझेल निघून गेल्यावर धार पूर्ण थांबली पाहिजे. थेंब पडत राहिले तर सीटवर गंजाचा कण बसला आहे किंवा सील झिजले आहे. आपत्कालीन बंद करण्याची तार पावसाळ्यानंतर हमखास जाम होते, तिला तेल देऊन ओढून पाहावी. उतरवण्याच्या होजमधील तार तुटलेली नाही हे मल्टिमीटरने तपासावे, आणि टाकी व चासी यांच्यातील रोध १० ओमच्या आत आहे का तेही पाहावे. रंगकाम झालेल्या टँकरवर अर्थिंगचा बोल्ट रंगाखाली गेलेला मी वारंवार पाहिला आहे. तो घासून उघडा केल्याशिवाय अर्थिंगचा चिमटा नुसता लटकत राहतो.

गाडीच्या बाकी भागांत सर्वांत आधी सॅडलचे यू-बोल्ट पाहावेत, कारण ते ढिले झाले की टाकी चासीवर आपटू लागते आणि पोटाला चिरा पडतात. ब्रेकचे समायोजन सर्व चाकांवर सारखे असावे. घाट उतरताना टाकीतले द्रव पुढे झेपावते आणि एकाच बाजूने ओढणारा ब्रेक गाडी आडवी करू शकतो. हवेच्या टाक्यांतील पाणी रोज काढावे. वायरिंगला टेप गुंडाळून जोड देऊ नयेत, आणि सायलेन्सर बदलताना तो टाकीच्या पुढेच, ठिणगीरोधकासह बसवावा. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत धुराच्या फिल्टरची आपोआप जाळून सफाई होताना धूर ५५० ते ६०० अंशांपर्यंत तापतो. ती प्रक्रिया थांबवण्याचा स्विच डेपोत किंवा पंपावर शिरण्याआधी दाबावा, आणि मुक्कामाला उभ्या गाडीची सफाई करायची तर मोकळ्या जागीच करावी. अशा गाडीवर वेल्डिंग करायचे असल्यास बॅटरीबरोबर इंजिनच्या संगणकाचे जोडही काढावेत आणि वेल्डिंगचा अर्थ शक्य तितका कामाच्या जवळ लावावा.

कवचाला हात लागलेली टाकी दुरुस्तीनंतर थेट डेपोत नेऊ नये. खणांचे आकारमान बदललेले असू शकते, म्हणून वैधमापन विभागाकडून पुन्हा मापन करून नवा डिप तक्ता (इंधनाच्या कोणत्या उंचीला किती लिटर हे सांगणारा) घ्यावा लागतो. जुना डिप रॉड (उंची मोजण्याची पट्टी) वापरून काढलेला आकडा पंपमालकाला मान्य होणार नाही आणि होऊही नये. डिझेल दर अंशामागे सुमारे ०.०८ टक्के प्रसरण पावते, त्यामुळे १२,००० लिटरच्या टाकीत १० अंशांची वाढ म्हणजे जवळपास १०० लिटरचा फरक. तक्ता चुकीचा असेल तर ही वाढ आणि खरी गळती यांत भेद करता येत नाही. पहिल्या भरणानंतर गाडी अर्धा तास उभी ठेवून ज्वालारोधक टॉर्चने टाकीचे पोट, सॅडल आणि प्रत्येक नळ न्याहाळावा, आणि पहिली खेप संपल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळावेत.