नाचणीला मोड आणून पीठ कसं करावं

मटकी-मुगाला मोड आणणं घरोघरी चालतं. नाचणीचं नाव काढलं की मात्र हात आखडतो, कारण दाणा मोहरीएवढा आणि आंबण्याची भीती. पण हे पीठ एकदा घरी करून बघाच.

मोड येताना दाण्यातली विकरं (एन्झाइम) जागी होतात आणि पिष्ट (स्टार्च) फोडू लागतात. त्यामुळे या पिठाची पेज गोळा होत नाही, पळीवरून ओघळते. पीठ थोडं जास्त घातलं तरी ती पातळच राहते, म्हणून बाळाच्या इवल्याशा पोटात त्याच वाटीतून जास्त धान्य जातं. नाचणीत १०० ग्रॅममागे ३०० मिलीग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. मोड आणल्याने कॅल्शियम अडवून धरणारं दाण्यातलं फायटिक आम्ल कमी होतं आणि कॅल्शियम अंगी लागायला मदत होते.

अर्धा किलो नाचणी किराणा दुकानातूनच आणा. पेरणीच्या बियाण्याला औषध लावलेलं असतं, ते चुकूनही नको. नाचणीत बारीक रेती फार. म्हणून नुसती धुऊ नका, रोळून घ्या: पातेलं पाण्यात हलवत दाणे वरच्या वर दुसऱ्या भांड्यात ओता, रेती तळाशी राहते. तीन-चार वेळा तरी करा.

मग रात्रभर, १० ते १२ तास भिजवा. सकाळी चाळणीत ओतून अर्धा तास तशीच निथळू द्या. बिघडतं ते इथेच. पाणी राहिलं की दाणा आंबतो, बुळबुळीत होतो. निथळलेली नाचणी ओल्या पंच्यात सैलसर बांधून चाळणीत झाकून ठेवा. संध्याकाळी कापडावर पाण्याचा हबका मारा आणि दाणे हाताने मोकळे करा. उन्हाळ्यात दिवसभरात, थंडीत दीड-दोन दिवसांत लालसर दाण्याच्या टोकाला पांढरा ठिपका, मग सुतासारखा मोड दिसतो. तांदळाच्या निम्म्याएवढा झाला की थांबा. आंबूस वास आला तर सगळं टाकून द्या.

आता सुती कापडावर पातळ पसरून पंख्याखाली वाळवा, शेवटी तासभर ऊन दाखवा. दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे. मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंतच भाजा. जास्त भाजलं तर विकरं मरतात आणि पेज पुन्हा घट्ट होते. मिक्सरवर दळून चाळा.

हीच रीत ज्वारीला लावू नका. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात विषारी सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं.

घट्ट डब्यात पीठ महिनाभर टिकतं, पावसाळ्यात फ्रिजमध्ये ठेवा. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला पाण्यात शिजवून नुसतंच द्या, मीठ-साखर नको. मोठ्यांसाठी आंबील: दोन चमचे पीठ वाटीभर पाण्यात कालवून ५-७ मिनिटं शिजवा, कोमट झाल्यावर ताक, मीठ, जिरेपूड आणि ठेचलेला लसूण घाला. भाकरीला मात्र निम्मं साधं पीठ घ्या, नुसत्या या पिठाची भाकरी थापताना तुटते.