केबल लावताना पॉवर बंदच हवी
सोलापुरात चिंचोळी असो की अक्कलकोट रोड एमआयडीसी, जुन्या सीएनसीला (प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनला) आरएस-232 म्हणजे सिरीयल पोर्टच्या केबलने प्रोग्राम पाठवत असाल तर केबल जोडताना-काढताना मशीन आणि कॉम्प्युटर दोन्ही बंद ठेवा. दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये फरक असला की चालू पॉवरवर पोर्ट जळू शकतो, आणि मग पोर्टचं सर्किट कार्ड दुरुस्त होऊन येईपर्यंत मशीन उभं. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवरच चालवा.

बॉड रेट (डेटा पाठवण्याचा वेग), पॅरिटी (चूक तपासणारा बिट), स्टॉप बिट (अक्षर संपल्याची खूण) दोन्हीकडे सारखे हवेत. प्रोग्रामच्या पहिल्या आणि शेवटच्या ओळीत % हवंच. आधी मशीन रीडला, म्हणजे प्रोग्राम घ्यायला लावा. फॅनुक कंपनीचा कंट्रोल असेल तर स्क्रीनवर ‘एलएसके’ (LSK, मशीन डेटाची वाट बघतंय) लुकलुकलं की मगच कॉम्प्युटरवरून सेंड करा. मध्येच अक्षरं बिघडत असतील तर बॉड रेट 9600 वरून 4800 वर आणा. वेळ थोडा जास्त लागेल, पण जॉब वाचेल.