परिवलन गती शिकवताना सूत्र शेवटी लिहा

अकरावी-बारावीला परिवलन गती शिकवताना मी आधी फळ्यावर जडत्व आघूर्णाची (वस्तू फिरवायला किती अवघड, त्याच्या मापाची) सूत्रं लिहायचे. मुलं पाठ करायची, पण कुणाला काही दिसायचं नाही. आता मी एक फळी घेऊन वर्गात जाते.

सव्वा मीटरची गुळगुळीत फळी, एक टोक १० सेंटीमीटर उचललेलं. उतार याहून फार वाढवू नका, कडं गडगडण्याऐवजी घसरू लागतं. एक काचेची गोटी आणि चिकटपट्टी संपल्यावर उरतं ते पुठ्ठ्याचं कडं, दोन्ही एका रेषेवर पट्टीने अडवून धरा. सोडण्याआधी खाली आधी कोण पोचेल, यावर हात वर करून मत घ्या. ही पायरी गाळू नका. ज्याने मत दिलंय तोच डोळे फाडून बघतो. मग पट्टी झटकन उचला. गोटी दोनेक सेकंदांत खाली, कडं मागे.

"सर्व वस्तुमान कडेला आहे म्हणून?" असं कुणीतरी विचारतंच. लगेच हो म्हणू नका. लहान-मोठ्या दोन गोट्या सोडा: बरोबरीत येतात. म्हणजे वजन नाही, आकारमानही नाही. वस्तुमान अक्षापासून कसं पसरलंय ते महत्त्वाचं.

आता खडू घ्या. भरीव गोलाचं त्वरण ५/७ जी साइन थीटा, पातळ कड्याचं १/२ जी साइन थीटा (जी म्हणजे गुरुत्व त्वरण, थीटा म्हणजे उताराचा कोन). टॉर्कसाठी, म्हणजे बलाच्या फिरवण्याच्या परिणामासाठी, वर्गाचं दार पुरे: बिजागरीजवळ एका बोटाने ढकलायला लावा.