गोव्याच्या दमट हवेत लाल मातीची भांडी भाजताना

भाजलेलं भांडं तडकलं की दोष भट्टीला जातो. पण आपल्याकडे बहुतेक भांड्यांचा निकाल भट्टी तापण्याआधीच लागलेला असतो. एकतर मातीत शिंपल्याचा चुरा राहिलेला असतो, नाहीतर जाड बुडात ओल दडून बसलेली असते. म्हणून खाली माती आणि वाळवण यांवर जास्त भर दिला आहे. भट्टीचा आकडा त्यानंतर.

माती

डिचोली भागातल्या कुंभारांकडे तयार लाल माती मिळत असेल तर सुरुवात तिच्यापासूनच करा. चवथीच्या मूर्तींची चिकण माती तशीच वापरू नका. ती मुळात न भाजता ठेवायच्या कामाची. एकटीच वापरली तर वाळताना फार आकसते आणि जाड भागात चिरा पडतात.

शेतातली माती घ्यायची तर भात कापून झाल्यावर, मालकाला विचारून घ्या. मुळं असलेला वरचा फूटभर थर बाजूला सारा आणि खालची चिकट माती काढा. खाजन, म्हणजे खाडीकाठच्या, शेतातल्या मातीला दोन खोडी असतात, मीठ आणि शिंपल्या. एक ढेकूळ वाळवून फोडा आणि आतल्या बाजूवर थेंबभर व्हिनेगर टाका. सगळीकडे बारीक फेस आला तर चुना मातीभर मिसळलेला आहे. एकेका ठिपक्यावरच बुडबुडे आले तर ते शिंपल्याचे कण समजा. जास्त त्रास या ठिपक्यांचाच होतो.

कारण असं. शिंपलं म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. साधारण ८०० ते ९०० अंशांच्या दरम्यान त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. भांडं भट्टीतून बाहेर येतं तेव्हा अगदी व्यवस्थित दिसतं. मग तो चुना हवेतली ओल ओढून घेतो, फुगतो आणि काही दिवसांनी वरचा टवका उडवतो. खळग्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसला की कारण पक्कं समजावं. पावसाळ्यात हे लवकर होतं.

उपाय चाळणीचा. ढेकळं कडकडीत उन्हात वाळवा, मगच तिप्पट पाण्यात टाका. अर्धवट ओली ढेकळं पाण्यात विरघळत नाहीत, कोरडी आपोआप सुटतात. दिवसभर हात लावू नका. नंतर ढवळून आधी ४० मेशच्या (मेश म्हणजे इंचाला छिद्रं) आणि मग ८० मेशच्या चाळणीतून गाळा. ८० मेशमधून गेलेला कण जेमतेम ०.१८ मिलिमीटरचा असतो. तो फुगला तरी टवका उडवण्याइतका जोर त्याच्यात नसतो. गाळलेलं पाणी स्थिर होऊ द्या, वरचं निथळ ओता, नवं गोडं पाणी घाला. असं दोन-तीनदा केलं की मीठ बरंच उतरतं. मीठ राहिलं तर भाजल्यावर पृष्ठभागावर, विशेषतः कडांवर, पांढुरका थर येतो.

मीठ चुन्याचं फुटणं काही अंशी रोखतं, म्हणून काही कुंभारी परंपरांत शिंपल्यांच्या मातीत मुद्दाम मीठ घालत. तरीही आमचं मत चाळण्याच्या आणि धुण्याच्याच बाजूने आहे. मिठाचं प्रमाण घरच्या घरी जुळवणं अवघड, चाळणी मात्र दर वेळी सारखंच काम करते.

माती घट्ट झाल्यावर तिच्यात भाजलेल्या मातीचा चुरा, म्हणजे ग्रॉग, मिसळा. जुन्या घराची फुटकी मंगळुरी कौलं यासाठी उत्तम. ती आधीच भाजलेली असल्याने पुन्हा आकसत नाहीत. शेवाळं घासून धुवा, वाळवा, कुटा आणि ३० मेशमधून चाळा. कोरड्या मातीच्या वजनाच्या १० ते १५ टक्के चुरा पुरतो. कुटताना एन-९५ मास्क लावाच. कौलाच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुफ्फुसातून परत निघत नाही.

मोठं काम हाती घेण्याआधी १४ सेंटीमीटर लांब, १ सेंटीमीटर जाड पट्टी करा आणि ओली असतानाच तिच्यावर बरोबर १० सेंटीमीटरची रेघ ओढा. वाळल्यावर मोजा, भाजल्यावर पुन्हा मोजा. रेघ ९.२ झाली तर आकुंचन ८ टक्के, म्हणजे ठीक. १२ टक्क्यांच्या वर गेली तर ग्रॉग वाढवा.

घडवणं

माती पंधरा-वीस मिनिटं मळा आणि तारेने कापून बघा. कापात हवेचं छिद्र दिसेनासं होईपर्यंत थांबू नका. भिंत ६ ते ८ मिलिमीटर ठेवा. बूड आणि भिंत यांची जाडी सारखी हवी. चाकावर काम करत असाल तर बूड आतून बोटांनी दाबून घट्ट करा. ते सैल राहिलं की वाळताना तळाला इंग्रजी एस अक्षरासारखी चीर जाते. कान किंवा दांडा जोडायचा तर दोन्ही भाग सारख्याच ओलीचे असताना, खरवडून, मातीचा राडा लावून जोडा.

वाळवण

पहिले दोन-तीन दिवस भांडं प्लास्टिकखाली सैल झाकून ठेवा, म्हणजे काठ आणि बूड बरोबर वाळतील. नंतर ते फळीवर न ठेवता जाळीवर उपडं ठेवा, खालूनही हवा लागली पाहिजे. पंख्याचा झोत थेट नको. एका बाजूने झोत आला की ती बाजू आधी आकसते आणि भांडं वाकतं.

उन्हाळ्यात आठवडा पुरतो. जून ते सप्टेंबर दोन-तीन आठवडे धरा. रंग फिका झाला म्हणजे वाळलं असं मानू नका. भांडं गालाला लावा, गार लागलं तर आत अजून पाणी आहे. याहून भरवशाचा उपाय म्हणजे स्वयंपाकघरातला काटा. रोज एकाच वेळी वजन करा, दोन दिवस आकडा हलला नाही तर भांडं भट्टीच्या तोंडाशी आलं. पण पावसाळी हवेतच एवढी ओल असते की त्याहून ते कोरडं होणारच नाही. उरलेलं काम भट्टीकडून करून घ्यायचं.

भट्टी

४ किलोवॉटची छोटी विजेची भट्टी २३० व्होल्टवर साडेसतरा अँपिअरच्या आसपास ओढते. १६ अँपिअरच्या प्लगवर ती चालवू नका. मीटरपासून वेगळी तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची वायर, २५ अँपिअरचा एमसीबी आणि चांगलं अर्थिंग हवं. जुन्या घरात हे इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, नसलेली भांडी एकमेकांना टेकली तरी चालतात. कॉइलपासून मात्र दोन-तीन सेंटीमीटर लांब ठेवा.

पहिला टप्पा ८० ते ९० अंशांवर रात्रभर, निदान आठ तास, भट्टीचा डोळा, म्हणजे आत बघायचं छिद्र, उघडा ठेवून. १०० च्या वर जायची घाई केली तर भिंतीतल्या पाण्याची वाफ होते, तिला वाट मिळत नाही आणि भांड्याचे तुकडे शेल्फवर पसरतात. सकाळी स्टीलची गार ताटली चिमट्यात धरून भट्टीच्या डोळ्यासमोर दोन-तीन सेकंद न्या. ताटलीवर धूसर वाफ जमली तर अजून दोन तास थांबा. ताटली कोरडी राहिली तरच पुढे चला.

मग ६०० पर्यंत तासाला ६० ते ८० अंश. साधारण ४५० ते ६०० मध्ये मातीच्या घडणीत बांधलेलं पाणी निघतं आणि ५७३ ला क्वार्ट्झ एकदम थोडं फुगतं, त्यामुळे हा टप्पा सोसूनच ओलांडायचा. पुढे तासाला १०० अंश. ७०० ते ९०० मध्ये शेतातल्या मातीतला सेंद्रिय अंश जळतो, त्याला हवा लागते, म्हणून डोळा ९०० पर्यंत उघडा असू द्या. इथे घाई झाली तर फुटलेल्या काठात मधोमध काळा पट्टा दिसतो. ९५० ला अर्धा तास थांबून भट्टी बंद करा. स्वयंपाकाच्या मातीच्या भांड्यांना, म्हणजे कुंडल्यांना, ९०० पुरे. थोडं सच्छिद्र भांडं आचेचा धक्का जास्त सोसतं.

मध्येच वीज गेली तर झाकण उघडू नका. वीज आल्यावर आतलं तापमान बघून तिथूनच त्याच वेगाने पुढे जा.

निवताना डोळा बंद. २०० च्या आधी उघडायचं नाही, भांडी १०० च्या खाली आल्यावर काढायची. स्वच्छ, धारदार कडांची लांब चीर दिसली तर निववताना घाई झाली. काठाकडे रुंद आणि खाली निमुळती होत गेलेली चीर बहुतेक वाळवणातली असते.

चुन्याची शंका असेल तर भांडी कोमट असतानाच पाण्यात पूर्ण बुडवून तासभर ठेवा. चुना भरपूर पाण्यात एकदम विरतो, सावकाश फुगून टवका उडवण्याची शक्यता कमी होते. विटांच्या धंद्यात ही युक्ती जुनी आहे.

आमसुलाचं सार, लोणचं किंवा सोलकढी ठेवायची असेल तर वरून फक्त शिसेविरहित ग्लेझ लावा आणि त्याच्या डब्यावर दिलेल्या तापमानालाच भाजा. आंबट पदार्थ शिसं सहज सोडवून घेतात. डब्यावर शिशाबद्दल काहीच लिहिलेलं नसेल तर ते ग्लेझ कुंड्यांनाच वापरा.