जेलमधून सुटलेल्या हिरोवर पिक्चर लिहिताय? सोलापुरात तरी या चुका टाळा

मागच्या तीन-चार वर्षांत ओळखीतल्या पोरांनी वाचायला दिलेल्या स्क्रिप्टा एका जागी ठेवल्या तर निम्म्याहून जास्त एकाच सीननं चालू होतात. जेलचं मोठं दार, त्यातलं छोटं दार करकर वाजत उघडतं, हिरो वाकून बाहेर येतो, हातात पिशवी, वर उन्हाकडं बघतो आणि समोर काळी स्कॉर्पिओ. मी पण हेच लिहिलेलं, उगाच साव बनत नाही. आमच्या पहिल्या शॉर्टफिल्मचा पहिला शॉट हाच होता आणि तो इथल्या जिल्हा कारागृहाच्या भिंतीला धरून काढायचा म्हणून आम्ही दोन दिवस हेलपाटे घातले. हिरो कोण, तर 307 मध्ये, म्हणजे खुनाच्या प्रयत्नात दहा वर्षं लागलेला आणि आठ काढून सुटलेला. स्क्रीनिंगला मागच्या रांगेत एक काका बसलेले, स्वतः आत राहून आलेले. पिक्चर संपल्यावर ते शांतपणे म्हणाले, "एवढी सजा झालेला माणूस सोलापुरातनं कशाला सुटंल? त्याला येरवड्याला नसतं का पाठवलं?" झालं, पुढच्या वीस मिनिटांच्या पिक्चरवर कोणी बोललंच नाही.

त्यामुळं सगळ्यात आधी हे ठरवा, तुमचा माणूस कच्चा कैदी होता का पक्का. कच्चा म्हणजे केस चालू, निकाल नाही. 2022 च्या सरकारी आकडेवारीत देशातल्या जेलमधल्या शंभरातले पंचाहत्तरहून जास्त कैदी कच्चेच होते, म्हणजे तुमच्या गल्लीत ज्याला सगळे "जेलमधून आलाय" म्हणतात तो बऱ्याच वेळा सुटलेला नसतोच, जामिनावर असतो, त्याची तारीख चालू असते, वकील फोन उचलत नाही आणि जामीन राहिलेला चुलता रोज टोमणे मारतो. हा वेगळा पिक्चर आहे आणि माझ्या मते जास्त चांगला पिक्चर आहे, पण लोक तो लिहित नाहीत कारण त्यात "मी माझी सजा भोगलीय" हा डायलॉग मारता येत नाही. कपड्यांचं पण तसंच, कच्चा कैदी स्वतःच्या कपड्यात असतो, पक्क्याला आपल्याकडं पांढरे कपडे. काळे-पांढरे पट्टे फक्त गॅदरिंगच्या नाटकात शोभतात.

येरवडा ठरलं की एक सीन फुकटात मिळतो. पुण्याहून सोलापूरला संध्याकाळी हुतात्मा एक्सप्रेस निघते. ते नाव ज्यांच्यावरून आहे ते मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन, या चौघांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यातच फाशी झाली. त्याच जेलमधून सुटलेला सोलापूरचा माणूस त्याच गाडीनं घरी येतोय, याच्यावर व्हॉइसओव्हर टाकू नका प्लीज. डब्यावरची पाटी एक सेकंद दिसू द्या, सोलापूरकराला कळतं, बाकीच्यांना नाही कळलं तरी गाडी पुढं जाते.

दुसरी मोठी गडबड म्हणजे "आठ वर्षांनी पहिल्यांदा घर बघतोय". अरे बाबा, मधी रजा असते ना. संचित रजा म्हणजे फर्लो, अभिवचन रजा म्हणजे पॅरोल. पहिलीला खास कारण लागत नाही आणि ते दिवस शिक्षेत धरतात, दुसरी घरातलं आजारपण, मयत, लग्न असल्या कारणाला मिळते आणि ते दिवस धरत नाहीत. तुमच्या हिरोच्या काळात यासाठी 1959 चे नियम होते. पक्का कैदी एवढ्या वर्षांत दोन-चारदा घरी येऊन गेलेला असू शकतो, पोलीस ठाण्यात हजेरी लावून, गल्लीला दाखवून. 2020 च्या कोविडात तर महाराष्ट्रात बऱ्याच जणांना तातडीच्या रजेवर सोडलेलं. मग तुमचा हिरो लॉकडाऊनमध्ये घरी होता का आत होता? होता तर त्याच्या पोरीनं त्याला बघितलेलं आहे, "हे कोण आलेत" हा रडका सीन जातो. नव्हता तर का नव्हता, रजा नाकारली का? घरच्यांनीच कागदावर सही दिली नाही का? आमच्या दुसऱ्या ड्राफ्टमध्ये हाच प्रश्न आख्खा पिक्चर झाला, भावानं जामीन राहायला नकार दिला होता आणि ते कोणी बोलत नाही.

सीन बसत नसेल तर वहीत सालं लिहून काढा, कंटाळा करू नका. समजा 2016 च्या दिवाळीच्या आधी आत गेला, 2024 ला सुटला. म्हणजे ट्रंकेत ठेवलेल्या पाचशेच्या नोटा कागद झाल्या. एसटीच्या पाटीवर उस्मानाबाद होतं तिथं धाराशिव आलं. चहाच्या गाड्यावर क्यूआर लागला. पण तो मोबाईल बघून वेड्यासारखा डोळे फाडणार नाही, रजेवर बघितलाय त्यानं. त्याची अडचण वेगळी असते: सिम कुणाच्या नावावर घ्यायचं, आधारला जुना नंबर, तो नंबर आता दुसराच कोणीतरी वापरतोय, ओटीपी जातोय तिकडं. कलमाचं पण बघा. गुन्हा 1 जुलै 2024 च्या आधीचा असेल तर भारतीय दंड संहिताच, 302, 307. नवीन न्याय संहितेत खून 103 आणि खुनाचा प्रयत्न 109 झालाय म्हणून 2016 च्या केसमध्ये फौजदाराच्या तोंडात 109 टाकू नका, आणि गुंडांच्या तोंडात तर अजिबात नको, त्यांची पोरं अजून "तीनशे सातवाला"च म्हणतात. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं हे पण काढून टाका, जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. चौदा हा आकडा खुनासारख्या गुन्ह्यात सूट मिळायच्या आधी निदान एवढी वर्षं काढावीच लागतात त्याचा आहे. आणि सुटलेल्याला मतदान करता येतं, करता येत नाही ते आत असताना. एकानं आख्खा निवडणुकीचा सीन त्यावर उभा केला होता.

आता व्हिलन. प्रत्येक स्क्रिप्टमध्ये जुना साथीदार येऊन "एक शेवटचं काम" सांगतो. मला याचा वैताग आलाय. इथं माणसाला परत ओढायला साथीदार लागत नाही, पोलिसांची यादी पुरते. गणपती आले, निवडणूक आली की रेकॉर्डवरच्याला ठाण्यात बोलावणं, चॅप्टर, म्हणजे चांगल्या वागणुकीचा बाँड लिहून घ्यायची कारवाई. त्याच्या वर तडीपारी, महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या 55, 56, 57 या कलमांखाली, जास्तीत जास्त दोन वर्षं. पेपरात बारीक अक्षरात येतं बघा, अमुक इसम सोलापूर आणि धाराशिव जिल्ह्यातून तडीपार. म्हणजे जो माणूस पुण्याहून घरी आला, त्याला घराबाहेर काढून परत पुण्यात खोली शोधायला लावली, आणि आईचं दुखणं ऐकून रात्री चोरून आला की तोच नवीन गुन्हा. यात पिस्तूल कुठंच नाही तरी छातीत धडधडतं. फौजदार चावडी ठाण्यातला बाक, हातात फाईल, दोन तास थांबलेला माणूस, एवढ्यावर पाच मिनिटं निघतात. पोलीस राक्षस दाखवायची पण गरज नाही, त्याच्या टेबलावर तसल्या चाळीस फायली आहेत हे दाखवलं की झालं.

भाषा. "अपुन को क्या" आणि "खोपच्यात घे" हे सोलापुरात कोण बोलतं बे? इथं "काय करायलास बे", "कुठं गेलता", "लई झालं". पूर्व भागातला असेल तर घरात तेलुगू, कारखान्यावर मराठी, दोस्तात दखनी उर्दू, आणि अक्कलकोट रोडला गेला की कन्नड पण कानावर येतं. माणूस भाषा कुठं बदलतो त्यावरून तो घाबरला का रागावला ते कळतं. आमचा हिरो आईशी तेलुगूत बोलायचा आणि सुटून आल्यावर मराठीत उत्तरं द्यायला लागला, कारण आत आठ वर्षं तेच बोलला. एकानं पण ते डायलॉगमध्ये सांगितलं नाही तरी लोकांनी पकडलं. शिव्यांचं म्हणाल तर हव्या तिथं घाला, पण प्रत्येक वाक्याला घातली की ती शिवी राहत नाही, स्वल्पविराम होतो.

एक चूक मात्र हसण्यावारी नेऊ नका. गुन्हेगार दाखवायचा म्हणून पटकन पारधी, कैकाडी असं आडनाव किंवा वस्ती टाकतात. इंग्रजांनी 1871 ला सुरू केलेल्या गुन्हेगार जमाती कायद्यानं आख्ख्या जमातींवर जन्मापासून शिक्का मारला, सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती, लोकांना हजेरी द्यावी लागायची. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा गेला, सेटलमेंट हे वस्तीचं नाव मात्र शहरात अजून आहे. जेलनंतरच्या आयुष्यावर पिक्चर करताय आणि त्याच शहरात न केलेल्या गुन्ह्यासाठी तारेच्या आत राहिलेल्यांची नातवंडं थिएटरात बसलेली असतात, एवढं डोक्यात ठेवून नाव निवडा.

टेक्निकलचं थोडक्यात. ग्रिटी म्हणजे अंधार आणि निळा लाईट असं कुणी सांगितलं माहीत नाही. सोलापूरचा कठोरपणा दुपारी दीडला आहे, मे महिन्यात, सत्तर फूट रोडला, सावली पायाखाली गोळा झालेली. तिथं शूट करा, पोरं शिव्या देतील पण चेहरा खरा येईल. चालू यंत्रमागावर डायलॉग ठेवू नका, काहीच रेकॉर्ड होत नाही, आम्ही आख्खा दिवस घालवलाय. कामगार पण तिथं बोलत नाहीत, हातानं खुणा करतात किंवा कानाला तोंड लावतात, तेच दाखवा आणि मागाचा आवाज वेगळा घ्या. नकली पिस्तूल घेऊन रस्त्यावर उतरायच्या आधी ठाण्यात लेखी कळवा, नाहीतर कोणीतरी व्हिडिओ काढतं आणि तुमच्याच पिक्चरचा तुमच्यावर प्रयोग होतो. आणि क्लायमॅक्स सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत नको. नंदीध्वज, गर्दीत चाकू, बस झालं आता.

घराचे सीन मात्र वेळ घेऊन लिहा, सगळे तिथंच पळतात. त्या मागच्या रांगेतल्या काकांना मी नंतर चहाला बोलावलं, गुन्ह्याचं काही विचारलं नाही, फक्त पहिले आठ दिवस विचारले. ते आले तो नळाच्या पाण्याचा दिवस होता. आपल्याकडं कित्येक वर्षं चार-पाच दिवसाआड पाणी, त्यामुळं आख्खी गल्ली घागरी, पिंपं आणि पाईपात गुंतलेली, कोणी ओवाळलं नाही, बायकोनं हातात बादली दिली. ती दिवसाला हजार विड्या वळून घर चालवत होती, तेंदूपत्ता कापायच्या कात्रीचा आवाज बोलताना पण थांबत नव्हता. संध्याकाळी पाचलाच त्यांना भूक लागायची कारण आत जेवण लवकर, आणि घरी स्वयंपाक आठला. दार उघडं असलं तरी उंबऱ्याशी थांबायचे, कोणी "जा" म्हणेपर्यंत. हे मी एकाही स्क्रिप्टमध्ये वाचलं नव्हतं, माझ्याही नाही.

आणि झोप. बराकीत रात्रभर लाईट चालू असतो, त्यामुळं घरातल्या अंधारात त्यांना झोप येईना. आमच्या नवीन ड्राफ्टमध्ये पहिल्या रात्री हिरो एवढंच म्हणतो, "लाईट राहू दे." बायको खालच्या विड्या गोळा करता करता म्हणते, "आणि बिल कोण भरणार ओ, तुम्ही?" आणि जरा वेळानं लाईट तसाच ठेवून भिंतीकडं तोंड करून झोपते.