मुलांच्या वजन-उंचीचा डेटा हाती आला की

फाइल उघडल्या उघडल्या सरासरी काढायला धावू नका. पहिल्या नोकरीत मी तेच केलं आणि एका गावातली निम्मी पोरं खुजी निघाली. पोरं ठीक होती, वयं वाढवून लिहिली होती.

म्हणून आधी वय. महिन्यांतल्या वयाचा आलेख काढा. १२, २४, ३६ वर उंच खांब दिसले, तर वय अंदाजाने टाकलंय. जन्मतारीख लसीकरणाच्या कार्डावरून घ्यावी. कार्ड नसेल तर मोजणाऱ्यांना सांगा, आईकडून जन्माजवळचा सण विचारून घ्या. ‘पोळ्याच्या आदल्या आठवड्यात झाला’ हे ‘दोनेक वर्षांचा असेल’पेक्षा कितीतरी नेमकं.

मग उंची. दोन वर्षांखालचं मूल झोपवून मोजतात, त्यापुढचं उभं करून. लहान मूल उभं मोजलं असेल तर ०.७ सेंमी मिळवा, मोठं झोपवून मोजलं असेल तर तितकेच वजा करा. कसं मोजलं हा रकाना फॉर्ममध्ये नसेल, तर भांडून घालून घ्या.

झेड-स्कोअर, म्हणजे त्या वयाच्या निरोगी मुलांच्या मध्यापासून हे मूल किती प्रमाण विचलनं दूर आहे तो आकडा, जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या मानकांवर काढा. ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधलं ‘अँथ्रो’ पॅकेज पुरतं. वयानुसार उंचीचा झेड-स्कोअर उणे ६च्या खाली किंवा अधिक ६च्या वर गेली की मूळ कागद काढा. ८७चे ७८ झालेले मी कितीदा पाहिलेत!

मात्र सहा महिन्यांवरच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंमीहून कमी दिसला, तर ती ओळ ‘आउटलायर’, म्हणजे बाकीच्यांत न बसणारा आकडा, म्हणून उडवू नका; ती तीव्र कुपोषणाची खूण आहे. त्याच दिवशी अंगणवाडीताईंना फोन जाईल असं पाहा. विश्लेषण उद्या करा.