घरच्या सर्व्हरला डेबियन स्टेबलच टाका

जुन्या डेस्कटॉपवर फोटो आणि बॅकअपचा सर्व्हर करायचा असेल, तर डेबियन स्टेबल घ्या, म्हणजे डेबियन या फुकट लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमची स्थिर आवृत्ती. एका आवृत्तीला साधारण ३ वर्षं पूर्ण आणि पुढची २ वर्षं दीर्घकालीन सुरक्षा अपडेट मिळतात. उबुंटू या दुसऱ्या लिनक्सची एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी) आवृत्तीही चालेल. फेडोरा या तिसऱ्या लिनक्सची आवृत्ती मात्र जेमतेम १३ महिने टिकते.

इन्स्टॉल करताना रूटचा (मुख्य प्रशासक खात्याचा) पासवर्ड रिकामा सोडा, म्हणजे पहिल्या युजरला सुडो, म्हणजे प्रशासकाचे अधिकार वापरायची सोय, मिळतं. सॉफ्टवेअरच्या यादीत डेस्कटॉपवरची खूण काढा, एसएसएच सर्व्हरवर (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून नेटवर्कने सर्व्हर चालवायची सोय) करा. मग १ जीबी रॅमही पुरते.

नागपुरात खरी परीक्षा मे महिन्यात. पारा ४५च्या पुढे, त्यात लाईन जाते. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) वीज परतल्यावर मशीन आपोआप सुरू होण्याचा पर्याय चालू करा. बाहेरची यूएसबी डिस्क एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या, त्या यादीच्या फाइलमध्ये) यूयूआयडीने, म्हणजे डिस्कच्या कायम ओळख क्रमांकाने, लिहा आणि ‘नोफेल’ (nofail) हा पर्याय हमखास जोडा. ते राहिलं आणि लाईन आल्यावर डिस्क दिसली नाही, तर सर्व्हर दीडेक मिनिट वाट पाहून इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे फक्त दुरुस्तीपुरत्या अवस्थेत, जातो. तिथे एसएसएचनेही आत जाता येत नाही; मॉनिटर-कीबोर्ड जोडावाच लागतो.

आणि हो, मशीन कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. दमट हवेने रॅमचे कॉन्टॅक्ट खराब होतात.